विज्ञानकथांतले जोडनावांचे धर्म: पटतात का?

अर्धविराम
फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचायला घेतली आणि या खेपेला कथानक बाजूला ठेवून परिशिष्टांतच रुतून बसलो. झेन बौद्ध आणि सुन्नी मिळून झेनसुन्नी, तसेच बुद्धिस्लाम, महायान ख्रिस्ती, ऑरेंज कॅथलिक बायबल. पहिल्यांदा वाचताना या नावांनी अंगावर काटा आला होता. आजचे धर्म एकमेकांत असे विरघळलेत म्हणजे मध्ये किती हजार वर्षं लोटली असतील, असं वाटलं होतं. आता मात्र मनात पाल चुकचुकते आहे. दोन डब्यांतून एकेक चिठ्ठी काढली आणि जोडली, एवढंच तर नाही ना हे? डॅन सिमन्सच्या 'हायपेरियन' कादंबरीतही झेन ग्नॉस्टिक (ग्नॉस्टिक म्हणजे गूढ ज्ञानावर भर देणारे जुने ख्रिस्ती पंथ) भेटतातच.

विचारण्यामागे स्वार्थ आहे. मी एक कथा लिहितोय. पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारं जहाज, त्यावर तीन वेगळ्या श्रद्धांची माणसं चढली, आणि सहाव्या पिढीपर्यंत तिन्हींचा मिळून एकच धर्म झालाय. त्याला नाव द्यायला गेलो की ते खोकल्याच्या औषधासारखं वाटतं. पाच नावं खोडून झाली.

तर असे मिश्र धर्म तुम्हाला कुठे पटले, कुठे खटकले, आणि का?

काडेपेटी
रुमाल टाकून ठेवतो.
झेन हा विज्ञानकथेतला उपसर्ग आहे. कशालाही लावा, शब्द खोल वाटायला लागतो.

आळशी उल्का
+१
झेन आळस. घ्या, मीही पंथ काढला.

जुनी वही
अर्धविराम, परिशिष्टात रुतलात म्हणता, मग तेच पुन्हा एकदा नीट वाचा. चिठ्ठ्या उचलल्याचा आरोप 'ड्यून'वर बसत नाही. यंत्रांविरुद्धचा बटलरी जिहाद संपल्यावर धर्माधर्मांचे प्रतिनिधी पृथ्वीवरच्या एका तटस्थ बेटावर जमतात. सात वर्षं खपून सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ तयार करतात. आणि होतं काय? लोक आधी हसतात, मग दंगली पेटतात, कित्येक प्रतिनिधी जीव वाचवायला आपलं म्हणणं मागे घेतात. ऑरेंज कॅथलिक बायबल हे अशा फसलेल्या, बदनाम झालेल्या बैठकीचं अपत्य आहे. तरी ते टिकतं. मला हे भयंकर खरं वाटतं, कारण समितीने लिहिलेला धर्म लोकांनी आनंदाने स्वीकारला असं दाखवलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

दुसरं म्हणजे झेनसुन्नी. शब्दसूचीत काय लिहिलंय बघा: हा एका गुरूच्या शिकवणीपासून फुटून निघालेला पंथ आहे. म्हणजे आपण ज्याला मिलाफ समजतो ती मुळात फाटाफूट आहे. दोन गट भांडून वेगळे झाले की प्रत्येकाला शेजाऱ्याकडचं काहीतरी उचलावंच लागतं.

तिसरं, बेने गेसेरिट या गुप्त स्त्री-संघातल्या बायका ग्रहाग्रहांवर आधीच दंतकथा पेरून ठेवतात, पुढेमागे आपल्यापैकी कुणी तिथे अडकली तर उपयोगी पडाव्यात म्हणून. धर्मात मिसळलेली एक गोष्ट चक्क विमा पॉलिसी आहे!

शून्य गुरुत्व
असहमत. हे सगळं परिशिष्टात आहे, हेच तर दुखणं आहे. कथेत काय दिसतं? ग्रंथ छापला, दंगली झाल्या, पण झेनसुन्नी माणूस सर्दी झाल्यावर काय म्हणतो ते मला कुठे दिसत नाही. धर्म हा नव्वद टक्के सवयींचा असतो. लेखक उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल लिहितात, कारण तिथे मोठी वाक्यं टाकता येतात.

जुनी वही
दिसतं हो. गर्नी हॅलेक आठवा, नायक पॉलला लढाई शिकवणारा. उठसूट त्या ग्रंथातली वचनं फेकत असतो, कधी गंभीरपणे, कधी नुसतं वातावरण हलकं करायला. ग्रंथ म्हणीसारखा वापरला जायला लागला की तो मुरला समजायचं. डॉक्टर युए पॉलला जी प्रत देतो तीही बघा: अंगठ्याएवढी, अंतराळप्रवाशांसाठी बनवलेली, वाचायला सोबत भिंग. वस्तूतच सांगून टाकलंय की हा धर्म कुणाच्या खिशात राहतो.

शून्य गुरुत्व
भिंग मान्य. सर्दी अजून बाकी आहे.

तिरपी रेघ
लेखकांना कशाला झोडता, इतिहासातही हेच चाललेलं आहे. तीन उदाहरणं देते.

अकबराने १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला, तिथे वेगवेगळ्या धर्मांचे पंडित वाद घालायचे, आणि १५८२ मध्ये दीन-ए-इलाही आला. अनुयायी किती? नावं सापडतात ती वीसच्याही आत. हिंदूंपैकी एकटा बिरबल. मानसिंगाने नकार दिला. तो धर्म तरी होता की बादशहाभोवतीचं निष्ठावंतांचं मंडळ, यावरच इतिहासकारांत वाद आहे.

यावरून 'वरून लादलेलं टिकत नाही' असा निष्कर्ष काढाल, तर थांबा. इजिप्तमध्ये पहिला टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाने सेरापिस नावाचा देव पुढे आणला. मूळ इजिप्तचेच देव ओसायरिस-एपिस, दाढी आणि अंगरखा ग्रीक, डोक्यावर धान्याचं माप. राजाने ग्रीक प्रजेच्या सोयीने घडवलेला देव. तो सहा-सातशे वर्षं पुजला गेला. अलेक्झांड्रियातलं त्याचं देऊळ पाडलं गेलं ते इसवी सन ३९१ च्या सुमारास.

आणि व्हिएतनाममधला काओ दाई, स्थापना १९२६, मुख्य पीठ ताय निन्हला. बौद्ध, ताओ, कन्फ्यूशियस आणि ख्रिस्ती विचार एकत्र. संतांमध्ये सुन यत्सेन आणि व्हिक्टर ह्यूगो. आज लाखो लोक मानतात. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'ह्यूगो जरा अति होतंय' म्हणून कापलं असतं.

काडेपेटी
लेखक संत होऊ शकतो हे वाचून धागाकर्त्याने कथेला दुप्पट वेगाने सुरुवात केली असणार.

अर्धविराम
सहावं नाव खोडलं. तेवढाच वेग.

विवेकी प्रश्न
मला मूळ गृहीतकच पटत नाही. दोन ताऱ्यांमध्ये जहाजं नेणाऱ्या लोकांना धर्म लागतोच कशाला? लेखकांना कल्पना सुचत नाही म्हणून जुनेच धर्म ढवळून वाढतात.

पानगळ
@विवेकी प्रश्न: आसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'मध्ये हेच उलटं करून दाखवलंय. अणुऊर्जेचं तंत्र शेजारच्या राज्यांना धर्म म्हणूनच दिलं जातं. भट्टी चालवणारे पुजारी, त्यांना कळा फिरवता येतात, आतलं काही कळत नाही. विज्ञान पुढे गेलं म्हणून धर्म मागे पडतो असं होत नाही, कधी विज्ञानच सोवळं नेसून येतं. अर्थात हा मिश्र धर्म नव्हे, बनावट धर्म. दोन्हींत फरक करायला हवा.

झेलाझ्नीच्या 'लॉर्ड ऑफ लाइट'मध्ये तो फरकच पुसला जातो, म्हणून ते मला जास्त आवडतं. वसाहत करायला आलेल्या जहाजाचे कर्मचारी तंत्रज्ञानाच्या जोरावर हिंदू देव बनून बसतात आणि स्वतःच्याच वंशजांना अडाणी ठेवतात. त्यांच्याविरुद्ध लढायला सॅम नावाचा जुना सहकारी बौद्ध धर्म उकरून काढतो. निव्वळ हत्यार म्हणून, स्वतःचा काडीचा विश्वास नाही. आणि मग त्याला मारायला पाठवलेला एक मारेकरी त्याचं ऐकून खरोखरच बुद्धत्वाला पोचतो! सांगणारा खोटा, ऐकणारा खरा. त्या प्रकरणानंतर मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले होते.

विवेकी प्रश्न
पण सॅमने चोरी केली हे सत्य उरतंच.

पानगळ
उरतंच. मारेकऱ्याला त्याने फरक पडला नाही, इतकंच.

आळशी उल्का
व्हॉनेगटच्या 'कॅट्स क्रेडल' कादंबरीतला धर्मसंस्थापक बोकोनोन बरा मग. सगळं खोटं आहे हे पहिल्याच पानावर कबूल करतो. वर स्वतःच आपल्या धर्मावर बंदी घालून घेतो, म्हणजे लोकांना गोडी लागावी. टंकाळा (टंकायचा कंटाळा) आलाय, नाहीतर अजून लिहिलं असतं.

निवृत्त मास्तर
बराच वेळ मूकवाचन चालू होतं. इतके प्रतिसाद झाले आणि मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. झेनसुन्नी हा समास कोणता?

'झेन आणि सुन्नी' असा विग्रह केलात तर इतरेतर द्वंद्व. दोन्ही पदं सारख्या वजनाची. असा धर्म बैठकीच्या कागदावरच असतो. 'झेन किंवा सुन्नी' म्हणालात तर वैकल्पिक द्वंद्व. जशी गरज तसं पद. 'झेन, सुन्नी वगैरे' म्हणजे समाहार, आणि मग 'वगैरे'मध्ये कोणाकोणाला ढकललं याची चौकशी झाली पाहिजे.

पण मला संशय मध्यमपदलोपीचा आहे. चुलतसासरा घ्या. चुलता आणि सासरा असा विग्रह करणाऱ्याला मी वर्गात उभं करत असे. 'नवऱ्याचा चुलता या नात्याने सासरा'. मधलं अख्खं नातं गिळून टाकलेलं असतं, आणि घरात नव्याने आलेल्या माणसाला नेमकं तेच समजून घ्यायचं असतं. या कादंबऱ्यांतली नावं तशीच आहेत. दोन टोकं समोर ठेवली, मधला हजार वर्षांचा विग्रह गिळला. जुनी वही यांना तो परिशिष्टात सापडला, शून्य गुरुत्व यांना कथेत सापडला नाही, एवढंच तुमचं भांडण.

मुरलेला धर्म बहुव्रीही असतो. नीलकंठ म्हणजे नुसता निळा नव्हे आणि नुसता कंठही नव्हे. दोन्ही पदं तिसऱ्याकडेच बोट दाखवतात.

काडेपेटी
मास्तर, __/\__
शाळेत असं शिकवलं असतंत तर मी द्वंद्व म्हणजे मारामारी असं लिहिलं नसतं.

आळशी उल्का
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

तिरपी रेघ
मास्तरांचं मध्यमपदलोपी डोक्यातून जात नाहीये. लोपलेलं पद कोणतं हे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं 'नाइलाजाने'.

क्यूबातला सांतेरिया हा धर्म बघा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांनी आपले देव कॅथलिक संतांच्या नावाआड ठेवले. चांगो हा वीज आणि गडगडाटाचा देव, तो संत बार्बरा झाला. पुरुषदेव आणि स्त्री संत, पण विजेचा संबंध दोघांचाही, म्हणून जुळलं. बाहेरून बघणारा म्हणेल, वा, काय सुंदर संगम! आतल्यांना तो चाबकाखाली करावा लागला होता. विज्ञानकथांतल्या जोडनावांत मला हा चाबूक दिसत नाही. सगळे धर्म जणू प्रवासात ओळख होऊन एकत्र राहायला लागलेत.

जुनी वही
'ड्यून'मधल्या वाळवंटी फ्रेमेन लोकांच्या बाबतीत दिसतो. त्यांचे पूर्वज झेनसुन्नी भटके, ग्रहामागून ग्रह हाकलले गेलेले, गुलामगिरीत राबलेले. आपल्याला काय काय नाकारलं गेलं याची त्यांची यादी पाठ असते. पण बाकीच्या नावांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. महायान ख्रिस्ती लोकांवर काय गुदरलं हे कुणीच सांगत नाही. ते नुसतेच छान ऐकू येतात.

शून्य गुरुत्व
वैकल्पिक द्वंद्वाला माझ्याकडे उदाहरण आहे. तिसऱ्या शतकातला मानी. जरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू या तिघांच्या पुढचा प्रेषित मीच, असं त्याचं म्हणणं. त्याचा पंथ जिथे गेला तिथली भाषा बोलू लागला. रोमन प्रदेशात येशूचं नाव पुढे, चीनमध्ये मानी झाला 'प्रकाशाचा बुद्ध'. चीनच्या फूच्यान प्रांतात एक देऊळ आहे, त्सावआन, तिथे दगडातला मानी बसलाय. लोक त्याला बुद्ध समजूनच पुजत आले, म्हणून मूर्ती वाचली. पंथ संपला, गैरसमज टिकला. यावर विज्ञानकथा कुणी लिहिली नसेल तर मी लिहितो.

मालिकाबहाद्दर
पुस्तकवाल्यांनो, पडद्याकडेही बघा जरा. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळ-मालिकेत माणसं अनेक देव मानतात आणि नावं थेट ग्रीक: झ्यूस, अथेना, अपोलो. त्यांनीच बनवलेली यंत्रं मात्र एकच देव मानतात. १९७८ च्या मूळ मालिकेच्या निर्मात्याने आपल्या मॉर्मन धर्मातून बरंच उचललंय; मालिकेतला कोबोल ग्रह म्हणजे मॉर्मनांच्या धर्मग्रंथातल्या कोलोब ताऱ्याची अक्षरं फिरवलेली. आणि नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात चक्क गायत्री मंत्र. हा समास कोणता ते मास्तरांनी सांगावं.

उलट 'बॅबिलॉन ५' या अंतराळस्थानकावरच्या मालिकेत एक भाग आहे. प्रत्येक परग्रही जमात आपला धर्म दाखवते, एका जमातीला एक. माणसांची पाळी येते तेव्हा कमांडर एक लांबलचक रांग उभी करतो आणि एकेकाची ओळख करून देतो. नास्तिक, कॅथलिक, मुस्लिम, ज्यू, हिंदू, पुढे चालूच. म्हणजे तेविसाव्या शतकातही मिसळ नाही, रांग! मला ही रांग कुठल्याही जोडनावापेक्षा जास्त पटते.

निवृत्त मास्तर
गायत्री आणि झ्यूस: हा समास नव्हे, संधी आहे. विसर्गसंधी. विसर्ग लोप पावतो.

तिसरी खिडकी
मी यंत्रांच्या बाजूचा माणूस. मला वाटतं तुम्ही सगळे ग्रंथ आणि देव यांच्यात अडकलात. अंतराळात धर्म बदलायला भाग पडेल तो घड्याळामुळे.

अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती दिवसाला सोळा-एक प्रदक्षिणा घालतं, म्हणजे सोळा सूर्योदय. २००३ मध्ये इस्रायलचा अंतराळवीर इलान रामोन कोलंबिया यानातून गेला तेव्हा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, कधी पाळायचा हा प्रश्न आलाच. उत्तर मिळालं: जिथून उडालात त्या केप कॅनव्हेरलची वेळ धरा. २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर शेख मुझफ्फर रमजानच्या दिवसांत स्थानकावर गेला. त्याच्यासाठी तिथल्या धर्मपंडितांनी पुस्तिकाच काढली. नमाजाच्या दिशेबद्दल उतरता क्रम दिला: जमलं तर काबा, नाहीतर त्याचं वर प्रक्षेपण, नाहीतर पृथ्वी, तेही नाही तर कुठेही. वेळ उड्डाणाच्या ठिकाणची.

आता बघा, दोन वेगळे धर्म, दोघांनीही स्वतंत्रपणे ठरवलं की उड्डाणतळाचं घड्याळ पाळायचं. धर्म मिसळले नाहीत, पण सवय एक झाली. कथेतल्या जहाजावर सहा पिढ्यांनी काय होईल? उड्डाणतळ हेच तीर्थक्षेत्र. तिथली वेळ ही देवाची वेळ. ग्रंथ तीन असतील, घड्याळ एकच.

शून्य गुरुत्व
हे. हेच मी सर्दीबद्दल म्हणत होतो. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

काडेपेटी
अवांतर: इंग्लंड-वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत तीन लाख नव्वद हजार लोकांनी धर्म 'जेडाय' ('स्टार वॉर्स'मधले योद्धे) लिहिला होता. २०११ मध्ये उरले पावणेदोन लाख. बाकीचे बहुतेक दुसऱ्या बाजूला गेले.

विवेकी प्रश्न
ती गंमत होती. गमतीला धर्म म्हणू नका.

पानगळ
गमतीचं काही सांगता येत नाही. विज्ञानकथालेखक हाइनलाइनने १९६१ च्या कादंबरीत 'चर्च ऑफ ऑल वर्ल्ड्स' रचलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत काही तरुणांनी त्याच नावाने मंडळ सुरू केलं, आणि १९६८ मध्ये कायद्याने नोंदणीही झाली. कादंबरीतलं पाणी वाटून घेण्याचं व्रत ते खरोखर पाळायचे.

विवेकी प्रश्न
हे मला माहीत नव्हतं. वाचतो.

अर्धविराम
दोन दिवस गायब होतो, कारण लिहीत होतो. सगळ्यांचे आभार, पण मुख्य दोष मास्तर आणि तिसरी खिडकी यांचा.

नाव काढून टाकलं. सहाव्या पिढीतल्या माणसांना आपला धर्म तीन धर्मांचा बनलाय हे माहीतच नाही, मग ते जोडनाव कशाला वापरतील? ते नुसतं 'रीत' म्हणतात. जोडनाव येईल ते कुणी बाहेरचा जहाजावर चढला तर त्याच्या वहीत.

आणि प्रसंग बदलला. पहिल्या पिढीतले एक लोक मृताला पुरणारे, दुसरे जाळणारे, तिसरे पाण्यात सोडणारे. जहाजावर माती मोजकी, आगीला बंदी, पाणी थेंबाथेंबाने परत फिरवलेलं. म्हणून तिघांनाही एकच वाट उरते: देह लागवडीच्या वाफ्यात. तिरपी रेघ, तुमचा चाबूक इथे आहे. हा नियम जहाजाच्या व्यवस्थापनाने केलाय, आणि पहिल्या पिढीत त्यावरून रक्त सांडलंय. सहाव्या पिढीत वाफ्याशी उभा राहणारा माणूस तीन ओळी एकापाठोपाठ म्हणतो: मातीचं मातीला, अग्नीचं अग्नीला, पाण्याचं पाण्याला. तिन्ही ओळी एकेकाळी एकमेकींना खोडून काढायला म्हटल्या जात होत्या, हे त्याच्या गावीही नाही.

निवृत्त मास्तर
बहुव्रीही. बसा खाली.

तिरपी रेघ
पटलं. फक्त रक्त कुणाचं सांडलं ते ठरवून ठेवा. कथेत सांगितलं नाही तरी चालेल, तुम्हाला माहीत असू द्या.

शून्य गुरुत्व
एक तांत्रिक शंका. बंदिस्त जहाजात जाळलं तरी वस्तुमान कुठे जात नाही. कार्बन डायऑक्साइड होईल, तो झाडं वापरतील. 'परवडत नाही' हे कारण चालणार नाही.

तिसरी खिडकी
बरोबर, पण एकदम एवढा धूर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला झेपायला हवा, आणि बंद जागेत आग म्हणजे सगळ्यांचाच जीव टांगणीला. बंदीला तेवढं कारण पुरे. अग्निवाल्यांना काहीतरी भरपाई द्या मात्र. धोक्याचा लाल दिवा वगैरे.

अर्धविराम
लाल दिवा घेतला! अंत्यविधीला तो तीन वेळा पेटवतात. खऱ्या धोक्याच्या वेळी पेटला की निम्मं जहाज कोण गेलं ते बघायला धावतं. गोष्टीचा शेवटच सापडला की हो.

काडेपेटी
आगीला बंदी म्हणता, मग जहाजावर माझं काय?

अर्धविराम
तुम्हाला पहिल्या पिढीतच काचेच्या पेटीत ठेवलंय. आत काड्या किती आहेत ते उघडून मोजायला मनाई आहे. त्यावरून दोन पंथ पडलेत.